९ लाख नव्हे, ३८ ट्रॉल्या मुरूम मागा

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या गावात राहतो. वय २७, एमआयडीसीत नोकरी करतो. संध्याकाळी आम्ही चौघं मित्र गावातल्या पोरापोरींना खो-खो शिकवतो. फी घेत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरानं मैदानावर गाळ आणून टाकला. तेव्हापासून पावसाळ्यात गुडघाभर चिखल आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा. एका ठेकेदाराकडून अंदाज घेतला. मॅट, फ्लडलाइट आणि कंपाउंड धरून ९ लाख सांगितले. चार महिने दारोदार वर्गणी मागतोय, जमले ४६ हजार. ते एका मित्राच्या खात्यावर आहेत, आणि आता "पोरांनी पैसे खाल्ले" अशी कुजबूज सुरू झाली आहे. याच गावात यात्रेला लाखांनी वर्गणी जमते.

गावातले एक पुढारी म्हणतात, सगळे पैसे मी देतो. मैदानाला माझ्या वडिलांचं नाव द्या आणि उद्घाटन निवडणुकीच्या आत करा. मित्र म्हणतात घेऊन टाक. मला झोप लागत नाही. त्यात आठवी-नववीच्या मुली हळूहळू यायच्या बंद झाल्यात. काय करू?

– खो-खोवर जीव असलेला एक जण

उत्तर

प्रिय मित्रा, नमस्कार.

पुढाऱ्यांना आज होकार देऊ नका आणि नकारही देऊ नका. त्यांच्याकडे नंतर येते. ९ लाखांचा तो कागद मात्र आजच घडी घालून कपाटात ठेवा, कारण तुमची बरीचशी अडचण त्या कागदातून आली आहे.

यात्रेला लाखो जमतात, म्हणजे गावाकडे पैसा आहे आणि द्यायची सवयही आहे. यात्रेची वर्गणी देताना माणसाला तीन गोष्टी आधीच ठाऊक असतात. देव आपला आहे, खर्च कशावर होणार हे माहीत आहे, आणि यात्रा संपली की देवळाच्या भिंतीवर हिशेब लागणार आहे. तुमच्या वर्गणीत यातलं काय आहे? मैदान कुणाचं ते पक्कं माहीत नाही. ९ लाखांतला माझा हजार कुठल्या कामाला लागेल ते दिसत नाही. आणि हिशेब एका पोराच्या मोबाइलमध्ये आहे. लोक कंजूष आहेत असं अजिबात समजू नका. त्यांनी अजून तुम्हाला नाही म्हटलेलं नाही, ते खात्री मागतायत. तेवढी तुम्ही देऊ शकता.

सुरुवात जमिनीपासून करा. तुमच्या पत्रात मैदान आहे, गाळ आहे, पोरं आहेत, पण जागा कुणाच्या नावावर आहे ते कुठेच नाही. तलाठ्याकडून किंवा ऑनलाइन त्या गटाचा सातबारा काढा. जिल्हा परिषद शाळेची जागा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि जिल्हा परिषदेची परवानगी लागेल. गावठाणातली ग्रामपंचायतीची जागा असेल तर काम सर्वांत सोपं. गायरान, म्हणजे गुरं चारायची राखीव जमीन, असेल तर नीट ऐका. गायरान सरकारचं असतं, ग्रामपंचायत ते फक्त सांभाळते. गावच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये कडक निकाल दिला. तेव्हापासून गायरानावर पक्कं बांधकाम करणं म्हणजे नोटिशीला आमंत्रण आहे. तिथे खेळायला कुणी अडवणार नाही, पण कंपाउंडच्या भिंतीत वर्गणीचे पैसे घातले आणि उद्या ती पाडायची वेळ आली, तर गाव तुमच्या पिढीला पुन्हा एक रुपया देणार नाही. गायरान निघालं तर ग्रामसभेचा ठराव घेऊन क्रीडांगणासाठी जागेची मागणी तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा. वेळ लागेल. तोवर उचलून नेता येईल किंवा मातीत मिसळून जाईल असंच काम तिथे करा.

जागा कुणाचीही निघो, पुढच्या ग्रामसभेत एक ठराव हवाच: "ही जागा मुलामुलींच्या खेळासाठी राखीव राहील, इथे लग्नाचा मांडव, उसाच्या ट्रॉल्या, वाळूचे ढीग येणार नाहीत." हा ठराव मांडायला तुम्ही चौघं उभे राहू नका. खेळणाऱ्या मुलांचे आईबाप उभे करा. पोरांनी मागितलं तर गाव ऐकून घेतं, आईबापांनी मागितलं तर गाव विचार करतं.

आता काम काय करायचं ते. मॅट नको. नदीकाठच्या मैदानावर, जिथे दोनदा पाणी येऊन गेलंय, तिथे उघड्यावर मॅट टाकणं म्हणजे पैसे नदीला देणं. फ्लडलाइटही आत्ता नको. वीजबिल दर महिन्याला येतं आणि ते भरायची वर्गणी कुणीच देत नाही. शिवाय रात्री उजेड असलेल्या मोकळ्या जागेत पोरांपेक्षा दुसरीच मंडळी जमतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. कंपाउंडचं जमिनीच्या कागदावर ठरेल. उरतं ते एकच: पाणी न साचणारं, भेगा न पडणारं खो-खोचं एक मैदान. एकच.

त्याचं गणित मांडू. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. भोवती दीड मीटर मोकळी जागा धरली तर ३० बाय १९, म्हणजे ५७० चौरस मीटर. त्यावर दाबून १५ सेंटीमीटर मुरमाचा थर हवा असेल तर साधारण ८५ घनमीटर, म्हणजे ३० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). मुरूम पाणी मारून रोलरखाली बसतो, म्हणून सैल माल पावपट जास्त लागतो. धरा ३८ ब्रास. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत ढोबळमानानं एक ब्रास बसतो.

म्हणजे ३८ ट्रॉल्या. आता दारात जाऊन काय बोलायचं ते तुमच्या हातात आलं. "मैदानासाठी काहीतरी द्या" असं म्हणू नका. "काका, तुमच्या भावकीची एक ट्रॉली" असं म्हणा. तुमच्या गावात किती भावक्या, किती गल्ल्या, किती बचत गट, किती तालमी आणि भजनी मंडळं आहेत ते मोजा. ३८ पुरे पडावेत. कुणी ट्रॉलीची रक्कम देईल, कुणी स्वतःचा ट्रॅक्टर एक दिवस देईल, कुणी डिझेल टाकेल. ज्या भावकीनं ट्रॉली टाकली तिचा नातू त्या मैदानावर पळताना ती भावकी बघायला येणार, आणि कुणी मैदानात गाडी घातली तर तुमच्याआधी तीच भांडायला येणार. ९ लाखांच्या वर्गणीनं हे होत नाही.

कामाचे दोन शब्द, कारण इथे पैसे वाया जाताना मी बऱ्याच गावांत पाहिलेत. काळ्या मातीवर नुसता मुरूम पसरू नका. काळी माती पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसते, आणि वरचा थर दोन पावसांत गिळून टाकते. आधी पुराचा गाळ खरवडून काढा. तो टाकून देऊ नका, शेतकऱ्यांना द्या. शेतात त्याला किंमत आहे, मैदानात नाही. खाली जाडा, खडाचा मुरूम, वर बारीक. एकदम ओतून रोलर फिरवू नका. दोन थरांत टाका, प्रत्येक थराला पाणी मारा, रोलर फिरवा, मग पुढचा थर. सगळ्यात वर बोटभर चाळलेली माती, कारण खो-खोत पोरं सूर मारतात आणि उघड्या मुरमावर कोपर-गुडघे सोलून निघतात. मैदान भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडं उंच ठेवा. मधल्या पाटीपासून, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्यापासून, दोन्ही बाजूंना आठ-दहा सेंटीमीटरचा उतार द्या, आणि चारही बाजूंनी चर काढून ती ओढ्याला किंवा गटाराला जोडा. ही चर फुकटात होते, फावड्यानं. तिच्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ आहे. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. पहिला पाऊस ते बसवेल, आणि दसऱ्याच्या सुमारास खड्डे भरायला पाच-सहा ट्रॉल्या बाजूला राखून ठेवा.

मुरूम कुठून आणायचा तेही आधी बघा. मुरूम गौण खनिज आहे. तहसील कार्यालयातून परवाना आणि स्वामित्वधनाची (रॉयल्टीची) पावती लागते. रात्रीतून टेकडी पोखरून आणलेला मुरूम रस्त्यात पकडला गेला तर ट्रॅक्टरवाला अडकेल, आणि गावकऱ्यांच्या भल्यासाठी गावकऱ्याचाच ट्रॅक्टर सरकारजमा झाला तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

आता ते ४६ हजार. तुमचा मित्र प्रामाणिक आहे, मला शंका नाही. पण प्रामाणिक माणसाचं नाव वाचवायचं असेल तर हे पैसे त्याच्या खात्यावर एक आठवडाही राहता कामा नयेत. येत्या रविवारी चावडीवर कागद लावा: कुणी किती दिले, तारखेसह, एकूण ४६ हजार, खर्च शून्य. पाच रुपये दिलेल्याचंही नाव लिहा. ज्याला परत हवे असतील त्याला त्याच दिवशी परत द्या. फार थोडे जण मागतील, आणि जे मागतील त्यांना हसतमुखानं द्या, वाद घालू नका. कुजबुजीला उत्तर देत घरोघर फिरू नका, कागद बोलू द्या.

उरलेले पैसे ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, ग्रामपंचायतीत मैदानाच्या नावानं जमा करून पावती घ्यायची. हिशेबाला पक्कं, पण काढताना सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या सहीसाठी थांबावं लागेल, आणि गावात दोन पार्ट्या असतील तर ते थांबणं लांबतं. दुसरा, स्वतःचं मंडळ नोंदवायचं. संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याखाली सात सभासद पुरतात, नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते. मग मंडळाच्या नावाचं पॅन, बँक खातं आणि दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत अशी अट. सातांत तुम्ही चौघंच मित्र आणि तुमचे चुलतभाऊ असं करू नका. एक निवृत्त शिक्षक, एक बचत गटातली बाई आणि तुमच्यावर शंका घेणाऱ्यांपैकी एक जण घ्याच. मी तुमच्या जागी असते तर हाच मार्ग धरला असता. नोंदणी होईपर्यंत रोख घेणं थांबवा. वर्गणीसाठी गणेशोत्सव मंडळं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून कलम ४१-क खाली परवानगी घेतात, तशी तुम्हालाही लागेल का ते त्याच कार्यालयात विचारा. ते कळेपर्यंत पावतीपुस्तक छापू नका. वस्तू आणि श्रम घ्यायला सुरुवात करा, चर आणि गाळ काढणं आजपासून होऊ शकतं.

देणगी देणाऱ्याला आयकरात मिळणाऱ्या सवलतीबद्दल (लोक तिला ८०-जी म्हणतात) कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल. त्यासाठी अडून बसू नका. संस्थेला तिची वेगळी नोंदणी करावी लागते, २ हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत कर भरणाऱ्याला तिचा उपयोग नाही. एक ट्रॉली मुरूम देणारा काका तिच्यासाठी देत नसतो.

कधी मागायचं हेही महत्त्वाचं. तुम्ही चार महिने मागताय म्हणता. ते जून ते सप्टेंबर असतील तर पेरणी, खतं, शाळेच्या वह्या-दप्तरं यातच लोकांचे हात रिकामे झाले असणार. उसाची बिलं जमा व्हायला लागली की मागा. आणि यात्रेत मागा. तुमच्या सांगली जिल्ह्यातली किती तरी माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे ते गाळून शुद्ध करायच्या, धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. वर्षभर ती गावाला दिसत नाहीत, पण यात्रेला येतात आणि गावासाठी काहीतरी करायची त्यांची ओढ खरी असते. त्यांना फोनवर क्यूआर कोड पाठवू नका. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चिखलाच्या मैदानावर पोरापोरींचा सामना ठेवा आणि त्यांना बघायला बोलवा. मैदानाशेजारी कुठे चर खणली, कुठवर थर येणार, त्याच्या खुंट्या ठोकून ठेवा. परदेशात गेलेला कुणी द्यायला निघाला तर त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे ना तेवढं विचारा. तिथलं नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे परदेशी देणगीच्या कायद्यात बसतात आणि ते तुम्हाला झेपणारं नाही.

यात्रा समितीपुढेही जा. कुस्त्यांच्या मैदानाला तुमच्या गावात इनामाची मोठी रक्कम निघत असणार. त्यातल्या एका कुस्तीचं इनाम गावच्या पोरांच्या मैदानासाठी राखून ठेवा, एवढंच मागा. तालमीतली जुनी माणसं ही गोष्ट समजतील. कृष्णेच्याच वरच्या अंगाला, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासाचे पैसे कुठून आले? गावोगावच्या लोकांनी जमेल तसे दिले, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून ७ हजार उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून ते कर्ज फेडलं, असं सांगतात. तालमीत ही गोष्ट सांगा. तिथे खेळासाठी पैसे मागणं कुणाला परकं वाटणार नाही.

आणि तुमचा खेळ काही मागे पडलेला खेळ नाही, हेही छाती काढून सांगा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही भारतानं जिंकले, आणि प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. शेजारच्या साताऱ्यात माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर खो-खो खेळतच पुढे आली आणि २०१६ ला रिओत ३ हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली.

आता पुढारी. त्यांचे पैसे नाकारायचं कारण नाही, अटी नाकारायचं आहे. त्यांना भेटायला एकटे जाऊ नका, मंडळाचे दोघं-तिघं मोठे बरोबर घ्या. हात जोडून सांगा: "अण्णा, ३८ ट्रॉल्या गाव टाकतंय. तुम्ही पाच टाका. नाव सगळ्यांच्या यादीत, सगळ्यांच्याच अक्षरात." वडिलांची आठवण ठेवायची असेल तर मुलींच्या स्पर्धेला त्यांच्या नावाचा फिरता चषक द्यावा. त्यातून दरवर्षी नाव निघेल, आणि पाटीपेक्षा ते जास्त टिकेल. मैदानाचं नाव मात्र ग्रामसभा ठरवेल. हे सांगताना आवाज चढवू नका. त्यांनी खरंच प्रेमापोटी विचारलं असेल तर ते पाच ट्रॉल्या टाकतील. नाही टाकल्या तर ते पैसे मैदानासाठी नव्हतेच, आणि तुम्ही सुटलात. एका माणसानं बांधलेल्या मैदानावर दुसऱ्या गटाची पोरं निवडणुकीनंतर येत नाहीत. तुम्ही कुठल्याही गावात चौकशी करा. पोरांची अशी वाटणी होऊ देऊ नका, ९ लाखांच्या बदल्यात तर मुळीच नाही.

त्यांची वरपर्यंत ओळख असेल तर ती वेगळ्या कामाला लावा. आमदार निधी आणि खासदार निधी हा लोकांचा पैसा आहे, त्यासाठी कुणाचे उपकार मानायचे नसतात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात क्रीडांगण विकास अनुदान योजना आहे. सपाटीकरण, धावनमार्ग, कुंपण, निरनिराळ्या खेळांची मैदानं, स्वच्छतागृह अशी कामं तीत बसतात. जागेचा कागद आणि ठराव तयार असेल तर प्रस्ताव करता येतो. म्हणून तर मी आधी सातबारा काढायला सांगितला. कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीचा, नाद पहिल्या वर्षी सोडा. ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण कायद्यानं त्यात बसतं हे खरं, पण कंपन्या संस्थेची नोंदणी आणि मागच्या तीन वर्षांचं काम बघतात. तीन वर्षांनी तुमच्याकडे दाखवायला मैदान असेल.

राहिल्या मुली. तुम्ही ते शेवटच्या ओळीत लिहिलंत, पण मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. त्या चिखलामुळे थांबल्या नाहीत. मैदानाजवळ स्वच्छतागृह आहे का? कपडे बदलायला आडोसा आहे का? सराव संपतो तेव्हा अंधार झालेला असतो का, आणि मैदानाच्या कडेला गाड्यांवर बसून बघणारी पोरं असतात का? बाराव्या-तेराव्या वर्षी मुलगी मैदान सोडते ती बहुतेक वेळा या चार गोष्टींमुळे, आणि घरात कुणाला सांगत नाही. मुलींचा सराव आधी घ्या, सूर्य असताना संपवा. तुमच्या गावात खेळलेली एखादी सून, एखादी माहेरी आलेली मुलगी असेलच. तिला रोज अर्धा तास मैदानावर उभं राहायची विनंती करा. शेजारी शाळा किंवा अंगणवाडी असेल तर तिच्या स्वच्छतागृहाची किल्ली संध्याकाळी मिळेल असं लेखी ठरवून घ्या. त्याला पैसे लागत नाहीत. नसेल तर ग्रामसभेच्या आधी जी महिलांची सभा घ्यावी लागते, तीत हा विषय मुलींच्या आयांनी मांडायला हवा. स्वच्छतागृहाची मागणी तुमच्या तोंडून आली तर फाइलमध्ये जाईल. वीस आया उठून बोलल्या तर त्याच वर्षीच्या आराखड्यात जाईल.

मुरमाची पहिली ट्रॉली यायच्या आधी त्या मुलींच्या घरी जाऊन या. वर्गणी मागू नका. वेळ बदलली आहे, बाईमाणूस मैदानावर असणार आहे, किल्लीची सोय झाली आहे, एवढं त्यांच्या आईला सांगा आणि उद्यापासून पाठवा म्हणा.